रतीब, खाडे आणि पहिल्या तारखेचे बिल



आपल्या शाळेतील कितीतरी पालकांचा व्यवसाय महिनेवारी पैशांवर चालतो. कोणी दुधाचा रतीब घालतात, कोणी घरोघर पाण्याचे जार पोचवतात, कोणी डबे देतात, कोणी केबल व इंटरनेटची जोडणी सांभाळतात, कोणी ऑटोतून मुलांना शाळेत आणतात. दुकानदार माल देतो आणि बहुधा लगेच पैसे घेतो. येथे काम रोजचे आणि पैसे महिन्याचे. काम चोख असूनही घरात ओढाताण होते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे बिल वेळेवर न जाणे. हे बिल आपोआप कसे तयार होईल व कसे पोचेल, याची माहिती या अंकात देत आहोत.

रीत जुनीच

ठरावीक सेवेचे ठरावीक वेळी मोल, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपले बलुते घेत. कन्नड मुलखात अशा सेवेकऱ्यांना आयगार म्हणत. त्या व्यवस्थेत जातीची बंधने व अन्याय होता, तो परत नको. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : वसुलीची वेळ साऱ्या गावाला ठाऊक असे. आज महिनेवारी व्यवसायात ती वेळच हरवली आहे. "देऊ की पुढच्या आठवड्यात" असे ग्राहक म्हणतो, आणि ओळखीचा, नात्यातला माणूस म्हणून आपण गप्प बसतो.

गप्प बसण्याची किंमत

एक हिशेब करू. समजा ४० जणांना डबा दिला जातो, दर महिना १,८०० रुपये. एकूण ७२,००० रुपये झाले. नफा दहा टक्के धरला तर तो ७,२०० रुपये. आता पाच जणांची बिले राहून गेली व पैसे बुडाले तर ९,००० रुपये गेले. म्हणजे नफा तर संपलाच, वर १,८०० रुपये पदरचे गेले. गहू, तेल, गॅस यांचे पैसे मात्र आधीच दिलेले असतात. शेवटी ही तूट मुलांच्या वह्या-पुस्तकांतून आणि फीमधून भरून काढावी लागते.

आधी यादी, मग यंत्र

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे एक म्हण आहे : पहले लिख और पीछे दे, भूल पड़े तो कागज़ से ले. संगणक ही म्हण बदलत नाही, फक्त लिहिणे सोपे करतो. यादीच चुकीची असेल तर यंत्र तीच चूक दर महिन्याला न चुकता करील. म्हणून प्रथम एका वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक ग्राहकापुढे या गोष्टी लिहाव्यात : नाव, फोन, सेवा, दर, सुरू झाल्याची तारीख, मागील बाकी आणि खाडे.

खाड्यांचा नियम आधीच ठरवावा. जून महिना ३० दिवसांचा, दर १,८०० रुपये, म्हणजे दिवसाला ६० रुपये. चार खाडे झाले तर २४० वजा होऊन बिल १,५६० रुपये. कोणी १२ जूनला सुरू केले तर १९ दिवसांचे १,१४० रुपये. हे सूत्र तक्त्यात एकदा घातले की चाळीस बिले काही क्षणांत तयार होतात. विद्यार्थी मित्रांनो, गणिताच्या तासाला शिकलेली एकमान पद्धत ती हीच.

याच्या पुढची पायरी म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम. बेंगळुरूच्या टॅलीचे नाव बहुतेकांनी ऐकले असेल. मोबाइलवर चालणारेही अनेक आहेत. अशा प्रोग्राममध्ये ग्राहक, रक्कम आणि तारीख एकदा भरली की ठरल्या दिवशी बिल तयार करण्याची, ते संदेशाने पाठवण्याची आणि पैसे न आल्यास आठवण देण्याची सोय असते. सोबत रकमेचा क्यूआर कोड असला तर ग्राहकाला आकडाही टाकावा लागत नाही. आपल्याकडे बिल कन्नड व मराठी दोन्हींत असावे म्हणजे कोणाचाच गैरसमज होणार नाही.

पैसे आपोआप येणे

जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे सुरू झाले. यात ग्राहक आपला पिन घालून एकदाच संमती देतो व कमाल रक्कम ठरवतो. पुढे ठरल्या तारखेला पैसे वळते होतात. पिनशिवाय वळत्या होणाऱ्या रकमेची सर्वसाधारण मर्यादा रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये केली. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि तो संमती केव्हाही रद्द करू शकतो. ही सोय घेण्यापूर्वी बँकेकडे शुल्काची चौकशी करावी. मुलांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर तो फसवणूक करीत आहे.

कायद्याचे थोडेसे

कर्नाटकात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असल्यास प्रत्येक बिलाला त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा क्रमांक हवा, तो १६ अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसावा. येणे रकमेसाठी न्यायालयात जाण्याची मुदत १९६३ च्या कायद्यानुसार साधारणपणे तीन वर्षांची आहे. तोंडी हिशेब तेथे सिद्ध करणे फार कठीण जाते.

यंत्रावर न सोडण्याची गोष्ट

पहिल्या तारखेला सर्वांनाच बिल गेले की कोणाला ते लागत नाही. "मलाच का मागितले" हा प्रश्न उरत नाही. पण ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याचे पीक गेले आहे, त्याला यंत्राने तीनदा आठवण देणे बरे नव्हे. तेथे आठवण थांबवून आपण स्वतः भेटावे. सवलत दिली तर तीही लिहून ठेवावी. मागणे यंत्राकडे द्यावे, माणुसकी आपल्याकडे ठेवावी.

इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी येत्या सुट्टीत आई-वडिलांजवळ बसून ही यादी तयार करावी, आणि तिची एक प्रत फोनखेरीज दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी. ज्या पालकांचा असा व्यवसाय नाही, त्यांनी आपल्या दूधवाल्याचे व ऑटोवाल्याचे पैसे पहिल्याच आठवड्यात द्यावेत, ही आमची नम्र विनंती.