कारखान्याची दुरुस्ती होते, मग फटफटीची का नको?



गळिताचा हंगाम संपला, भोंगा गप्प झाला, की पुष्कळांना वाटते, आता चार-सहा महिने कारखान्यात काही काम नाही. ज्यांनी या दिवसांत आत एक फेरी मारली आहे त्यांना ठाऊक आहे, खरी झटापट तेव्हाच सुरू होते. मिलचे रोलर उचलले जातात, झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग होते, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, गव्हाणीच्या साखळीची एकेक कडी तपासली जाते. ऐन हंगामात मिल बंद पडली तर किती गाड्या नंबरात उभ्या राहतात आणि वाळलेल्या उसाचे वजन कोणाच्या खिशातून जाते, हे आपल्याला सांगायला नको.

मग दारातल्या फटफटीने काय पाप केले आहे? हंगामात तीही रात्रंदिवस पळते. शेतकी ऑफिस, तोडणीची टोळी, वजनकाटा, बँक, दवाखाना, सगळीकडे तीच. पाऊस लागला, पाणंदीत गुडघाभर चिखल झाला, की ती गोठ्याच्या कोपऱ्यात जाते ती दसऱ्यालाच बाहेर निघते. खंडेनवमीला आपण तिला धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो आणि मग किक मारून मारून घाम गाळतो.

हे दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आषाढात आम्ही आमची गाडी अशीच, होती तशी चिखलासकट, खताच्या पोत्यांना टेकवून ठेवली. दसऱ्याला हार घातला, अर्ध्या तासाने ती धूर सोडत चालू झाली, आम्ही खूश. पुढे आमची तोड आली. रात्री टोळीला निरोप द्यायला निघालो, मागे चुलते बसलेले. वळणावर पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही की तांबडी पट्टी नाही. पुढचा ब्रेक दाबला तर गंजलेली तार तुटली. पायाचा ब्रेक दाबला तर तो निम्मासुद्धा लागेना. आम्ही खरचटण्यावर सुटलो, चुलत्यांचा गुडघा गेला. आजही त्यांना मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण चहापाण्याच्या खर्चात येणारी तार आम्ही पाहिली नव्हती, हेही तितकेच खरे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी चिखल काढा

गाडी ठेवायची म्हणजे आधी धुवायची. वरून चकचकीत करून उपयोग नाही. मडगार्डच्या आत, चेनकव्हरमध्ये, इंजिनाच्या खाली जो चिखल बसतो तो ओल धरून ठेवतो आणि तिथेच पत्रा सडतो. मोटारीच्या जोरदार फवाऱ्याने चाकाच्या आसाजवळ आणि वायरींच्या जोडांवर मात्र मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरते. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटे गाडी फिरवून आणा, म्हणजे कानाकोपऱ्यातले पाणी वाळेल आणि ब्रेकही सुकतील. मग तेलाचे फडके फिरवा.

टाकीतले पेट्रोल आणि आपलाच ऊस

ही गोष्ट नीट वाचा. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेले. म्हणजे उसाच्या मळीतून आणि रसातून निघालेला माल फिरून आपल्याच टाकीत येतो. यात ऊसवाल्याचा फायदा आहे, तेव्हा आम्ही त्याविरुद्ध बोलणार नाही. पण आपल्या मालाचा गुण आपल्याला माहीत हवा. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी निम्मी रिकामी असली की त्या जागेत दमट हवा भरते, झाकणाचे रबर गेले असेल तर पाऊसही झिरपतो. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दूध फाटावे तसे पेट्रोल फाटते. पाणी आणि इथेनॉल तळाला बसते, आणि इंजिनाला पेट्रोल जाते तेही तळातूनच.

उपाय सोपा आहे. महिनाभराहून जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहून चिकटा धरणार नाही. इंजेक्शनच्या नव्या गाडीला मात्र हा प्रयोग करू नका. तिचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, टाकी कोरडी पडली तर पंप जळायची भीती. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलची रबरी नळी बोटाने दाबून पाहा. फुगली किंवा चिरली असेल तर बदला.

तेल, साखळी, बॅटरी

इंजिनाचे तेल गाडी ठेवण्याआधी बदलावे, काढताना नव्हे. वापरलेल्या तेलात ओल आणि आम्ल असते, ते चार महिने इंजिनाच्या पोटात कशाला? काढलेले तेल पाटात ओतू नका, मिस्त्रीकडे द्या.

साखळी रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने साफ करून गियर ऑइल सोडावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना साखळीचा ढिलेपणा २० ते ३० मि.मी. ठेवतात, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. एक विनंती हात जोडून करतो. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून साखळी पुसू नका. फडके साखळीत जाते आणि त्यामागे बोट जाते. चाक हाताने फिरवा.

बॅटरीची आधी उणे बाजू सोडा, मग अधिक. महिन्यातून एकदा चार्ज करा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालत नाही. पुष्कळ जण आठवड्याला दोन मिनिटे किक मारून गाडी चालू ठेवतात आणि समाधान मानतात. तेवढ्याने बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचते. चालवायची तर चांगली वीस मिनिटे रस्त्यावर चालवा, नाहीतर तिला झोपू द्या.

जागा आणि उंदीर

युरिया, पोटॅश यांच्या पोत्यांजवळ गाडी नको. ही खते हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. पेंडीजवळही नको, कारण तिथे उंदीर. वायरी कुरतडणे आणि एअर फिल्टरमध्ये घरटे करणे हा त्यांचा आवडता उद्योग. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबा, पण त्याला तांबडी चिंधी बाहेर लोंबती ठेवा, नाहीतर काढायचे विसराल. गाडी मेन स्टँडवर, फळीवर उभी करा. प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी चादर बरी.

हार घालण्याआधी

दसऱ्याआधीच्या रविवारी गाडी बाहेर काढा आणि या क्रमाने पाहा. दोन्ही ब्रेक, त्यांच्या तारा, मागचा तांबडा दिवा, चाकांतली हवा, साखळी, तेल. फिल्टर उघडून उंदराचे घर नाही ना, ते पाहा. ब्रेकची तार एका जागी जरी उसवली असेल तरी नवीच टाका. ज्यांची ट्रॉली असेल त्यांनी त्याच दिवशी तिला मागे परावर्तक पट्टी लावावी, ही आमच्या चुलत्यांच्या गुडघ्याची विनंती समजा.

कारखान्यात आधी दुरुस्ती होते, मग बॉयलर पेटतो, मग पूजा होऊन गव्हाणीत मोळी पडते. आपणही तोच क्रम धरावा. आधी पाना, मग झेंडूचा हार. गव्हाणीत पहिली मोळी पडेल त्या दिवशी आपण सर्वांनी आपापल्या गाडीवरून यावे आणि धडधाकट घरी परतावे, एवढीच इच्छा.