हरभऱ्याचे मूळ आणि जनुकांची खूण

हरभरा हे बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारे रब्बी पीक होय. पावसाळा सरल्यावर पेरणी होते आणि साठलेल्या ओलाव्यावरच झाडाला सारा हंगाम काढावा लागतो. जमिनीचा वरचा थर प्रथम सुकतो. घाटे भरण्याच्या ऐन वेळी ओल खोल थरांतच काय ती उरते. म्हणून मुळांची घडण आणि ओल पुरवून वापरण्याची झाडाची रीत यांवर उत्पन्न पुष्कळसे अवलंबून असते.

परंतु असे गुण पारखून निवड करणे कठीण असते. फुलाचा रंग डोळ्यांना दिसतो. मूळ पाहावयाचे तर झाड खणून काढावे लागते. शिवाय पाऊस बरा झाला, तर त्या वर्षी काटक व नाजूक झाडांतील फरक उघड होत नाही.

ही अडचण जनुकविज्ञानाने काही अंशी दूर केली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत जतन केलेला ‘आयसीसी ४९५८’ हा वाण भरघोस मुळांसाठी ज्ञात होता. त्याच्या संकरित संततीच्या अभ्यासात, अवर्षण सोसण्याशी निगडित असे अनेक गुण चौथ्या गुणसूत्राच्या एका लहानशा पट्ट्यात एकवटल्याचे आढळले. २०१३ साली हरभऱ्याच्या सुमारे २८ हजार जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि या पट्ट्याचा बारकाईने शोध घेणे सुकर झाले.

पट्ट्यालगतचे डीएनएचे ठरावीक तुकडे खुणेप्रमाणे उपयोगी पडतात. कोवळे पान तपासताच तो पट्टा रोपात उतरला आहे की नाही, हे समजते. अशी रोपे निवडून त्यांचा मूळच्या चांगल्या वाणाशी पुनःपुन्हा संकर केला, की त्या वाणाचे इतर गुण टिकून हा गुण त्यात येतो. याच रीतीने ‘पुसा ३७२’ या वाणापासून सिद्ध झालेला ‘पुसा चिकपी १०२१६’ २०१९ साली महाराष्ट्रासह देशाच्या मध्य विभागासाठी प्रसारित झाला. यात परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. हरभऱ्याचाच गुण हरभऱ्यात आणला आहे.

तथापि, या यशाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. जेथे खोल थरांत ओलच मुरलेली नाही, तेथे लांब मुळाला काय लाभणार? बियाणे ओलीचा उपयोग वाढवील. ती ओल जमिनीत राखण्याचे काम मात्र बांधबंदिस्तीलाच करावे लागेल.