झोंगशान : शेजाऱ्याच्या पोटातलं राज्य

चीनच्या हपेई प्रांतात, ताइहांग डोंगरांच्या पायथ्याशी पिंगशान नावाचा भाग आहे. १९७०च्या दशकात तिथे एका राजाची कबर खणताना ब्राँझची एक जाड पाटी सापडली. लांबी सुमारे ९४ सेंटिमीटर, रुंदी ४८. तिच्यावर सोन्याचांदीच्या रेघांनी राजाच्या समाधिस्थळाचा आराखडा जडवलेला आहे, तोही मापांसकट. राजाचं नाव त्सुओ, राज्याचं झोंगशान. हे राज्य दोनदा बुडालं. कसं, ते समजायला लढायांआधी नकाशा पाहावा लागतो.

झोंगशान उभं केलं दी लोकांनी. चिनी दरबारी मंडळींच्या लेखी हे उत्तरेकडचे रानटी. त्यांचा मोठा शेजारी झाओ. त्याची राजधानी हानदान दक्षिणेला, दाइ हा त्याचाच मुलूख उत्तरेला, आणि मधोमध झोंगशान. एखाद्याच्या शेताच्या ऐन मध्यभागी दुसऱ्याचा तुकडा असावा, तसं. झाओला हे पोटातलं दुखणं वाटे, पण पहिला घाव त्याने घातला नाही. तो घातला वेई या दुसऱ्या राज्याने.

इ.स.पू. ४०८च्या सुमारास वेईचा सेनापती युए यांग झोंगशानवर निघाला. अडचण एकच: वाट झाओच्या मुलखातून जात होती. झाओचा प्रमुख नकार देणार होता, पण सल्लागाराने वेगळं गणित मांडलं. जाऊ द्या त्यांना. हरले तर वेई दमेल. जिंकले तरी मध्ये आपण आहोत, इतक्या दूरचं राज्य त्यांना सांभाळवणार नाही. वेढा तीन वर्षं चालला. झोंगशानवाल्यांनी युए यांगच्या मुलालाच मारून त्याचं कालवण बापाकडे पाठवलं आणि तो ते प्यायला, अशी कथा आहे. कथेचं खरंखोटं कोण सांगणार, पण ४०६ साली झोंगशान पडलं हे नक्की. आणि सल्लागाराचं गणितही जुळलं: ३८०च्या आसपास वेईची पकड सुटली आणि झोंगशान पुन्हा उभं राहिलं, लिंगशोउ ही राजधानी घेऊन. फक्त जमीन झाओच्या पदरात पडली नाही, ती मूळ मालकाकडे गेली!

यापुढची ऐंशीएक वर्षं हे राज्य टिकलं ते थोरल्यांच्या भांडणांच्या फटीत. झाओ अंगावर आला की पूर्वेच्या बलाढ्य छीचा आधार घ्यायचा. त्या जोरावर एकदा तर झोंगशानने नदीचं पाणी वळवून झाओच्या हाओ या गावाला वेढा घातला. ३२३ साली वेई, हान, झाओ आणि यान या राज्यांच्या बरोबरीने झोंगशाननेही ‘राजा’ ही पदवी घेतली. छी खवळला. मोठ्या राज्यांकडे दहा हजार रथ, याच्याकडे हजार. हा कसला राजा? पदवी टिकली, पण आधार देणाऱ्याच्या मनात अढी बसली, आणि माझ्या मते घसरण इथूनच सुरू होते.

मग ३१४च्या सुमारास उत्तरेच्या यानमध्ये गोंधळ माजला. तिथल्या राजाने गादी आपल्या मंत्र्यालाच देऊन टाकली होती. छीने स्वारी केली, मागोमाग झोंगशाननेही. लुटीतलं ब्राँझ ओतून त्सुओने मद्याचा चौकोनी कुंभ घडवला आणि त्यावर ४५० अक्षरांचा लेख कोरला. लोखंडी पायांच्या एका तिवईपात्रावर तर ४६९ अक्षरं आहेत. शेजारी जवळचे होत नाहीत, वैरी बाजूलाच असतो, असा इशारा त्यात वारसाला दिलेला आहे. इशारा अचूक होता. पण ज्याने तो दिला, त्यानेच शेजाऱ्याच्या पडत्या घराचे वासे काढून आणले होते.

हाओचं पाणी झाओचा राजा वूलिंग विसरला नव्हता. ३०७ साली त्याने सैन्याला लांब झगे सोडून विजारी घालायला लावल्या आणि रथांऐवजी घोड्यावरून बाण मारायला शिकवलं. ही उत्तरेच्या भटक्यांची तऱ्हा, त्यामुळे दरबारात नाकं मुरडली गेली. खुद्द त्याचा चुलता आधी रुसून बसला. त्यानंतर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या सुरू झाल्या. चार गावं देऊन झोंगशानने एकदा तह विकत घेतला. पुढे छी, हान आणि वेई पश्चिमेच्या छिनशी लढण्यात गुंतले. फट उरली नाही. २९६ साली शेवटचा घाव बसला, राजाला दूर फूशीला नेऊन ठेवलं, आणि हानदान ते दाइ रस्ता मोकळा झाला.

त्या पाटीवर पाच समाध्या आखल्या आहेत. प्रत्यक्षात दोनच झाल्या, त्सुओची आणि त्याच्या एका राणीची. बाकीच्यांपर्यंत राज्यच पुरलं नाही. पाटीच्या दोन प्रती करायच्या, एक राजासोबत पुरायची आणि एक भांडारात ठेवायची, असंही तिच्यावर लिहिलं आहे. हाती लागली ती पुरलेली.