सोळाव्या वर्षीचे तीन विषय

शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला ती भाषा नाकारण्यात आली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या बळावर केला. शाळेतला एखादा विषय मिळणे वा न मिळणे ही साधी बाब नसते, हे आपल्या समाजाला तेव्हापासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना आज असा नकार कोणी देत नाही. तरीही काही दारे त्यांच्यासाठी सोळाव्या वर्षीच बंद होतात, आणि ती बंद झाल्याचे घरातल्यांना वर्ष-दीड वर्षाने, विद्यापीठाचा अर्ज भरताना कळते.

महाराष्ट्रात अकरावीला विज्ञान शाखा घेतली तरी इंग्रजी सोबत राहते. बारावीनंतर मन पालटले तर कला किंवा विधी शाखेकडे वळता येते. इथे जीसीएसईची परीक्षा संपली की बहुतेक मुले ए लेव्हलसाठी तीनच विषय ठेवतात. बाकीचे सारे सुटते. आणि विद्यापीठातला एखादा अभ्यासक्रम कोणत्या विषयांवर उभा आहे, हे त्याच्या नावावरून कळेलच असे नाही.

अर्थशास्त्राचेच उदाहरण घेऊ, कारण तो बाबासाहेबांचा विषय. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्याच संस्थेत त्याच विषयासाठी जावे, ही आकांक्षा आपल्या अनेक घरांत असते. मग पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास असे तीन विषय निवडते. निवड अगदी सुसंगत दिसते. शेजारीपाजारीही मान डोलावतात. पण तेथील अर्थशास्त्राच्या पदवीला ए लेव्हलचे गणित अनिवार्य आहे. शाळेतले अर्थशास्त्र मात्र अनिवार्य नाही. केंब्रिजच्या अर्थशास्त्रालाही गणित लागतेच. म्हणजे ज्या विषयाचे नाव पदवीत आहे तो नसला तरी चालते, आणि ज्याचे नाव कुठेच नाही त्यावाचून अर्जाचा विचारही होत नाही. केंब्रिजमध्ये गणितच शिकायचे असेल, तर साध्या गणितासोबत फर्दर मॅथ्सही हवे. तो विषय प्रत्येक शाळेत शिकवला जात नाही. म्हणून शाळा ठरवतानाच विचारलेले बरे.

वैद्यकशास्त्राचे गणित त्या मानाने सरळ आहे: रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणी लागते, जीवशास्त्र पुष्कळ ठिकाणी, भौतिकशास्त्रावाचून अडत नाही. कायद्याचे उलट. ऑक्सफर्ड-केंब्रिजसह बहुतेक विद्यापीठे कायद्याच्या पदवीसाठी ठरावीक विषय मागतच नाहीत, ए लेव्हलचा कायदाही नाही. इतिहास वा इंग्रजी साहित्यासारखा, भरपूर वाचायला आणि युक्तिवाद लिहायला लावणारा विषय तिथे अधिक उपयोगी पडतो.

इथे आपल्या मनातली एक जुनी उतरंड आड येते. विज्ञान वरचे, वाणिज्य मधले, कला खालची. ज्या पिढीने वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकून डॉक्टर-इंजिनिअर होत घर सावरले, तिच्या दृष्टीने ही उतरंड अनुभवसिद्ध होती. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु उतरंडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या समाजाने विषयांची उतरंड मुलांच्या डोक्यावर ठेवावी, हे मला पटत नाही. स्वतः बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकले होते. जातीविषयीचा त्यांचा १९१६ चा निबंध मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला गेला.

नावडता विषय लादण्याचे नुकसान इथे फार लवकर भोगावे लागते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातात, निकाल मात्र पुढच्या ऑगस्टमध्ये लागतो. मधल्या काळात विद्यापीठासमोर असतात ते शिक्षकांनी वर्तवलेले अंदाजी दर्जे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रात धडपडणाऱ्या मुलाचा अंदाजी दर्जा खाली येतो आणि तिन्ही विषयांची बेरीज बिघडते. 'इतरांहून एक जास्त' म्हणून चौथा विषय घेण्याचा हट्टही असाच महागात पडतो. फर्दर मॅथ्सचा अपवाद सोडला, तर बहुतेक विद्यापीठांच्या अटी तीनच विषयांच्या असतात. तीन उत्तम दर्जे चार मध्यमांहून केव्हाही सरस.

ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून कोणी ना कोणी इथल्या विद्यापीठात शिकले आहे, त्यांना हे जेवणाच्या टेबलावर कळते. आपल्या पुष्कळ घरांत विचारायला कोणी नसते आणि शाळेत प्रश्न विचारायला आईवडील संकोचतात. वास्तविक प्रत्येक अभ्यासक्रमाच्या विषयांच्या अटी विद्यापीठे स्वतः जाहीर करतात. विहारातल्या रविवारच्या वर्गानंतर चार कुटुंबांनी एकत्र बसून, मुलाच्या मनातले तीन-चार अभ्यासक्रम घेऊन त्यांच्या अटी वाचल्या, तर एका दुपारचे काम आहे. अनिवार्य काय आणि केवळ पसंतीचे काय, हे वेगवेगळे लिहून काढावे. मुलाचे मन अजून ठरलेले नसेल, तर झेपत असल्यास गणित ठेवावे; सर्वाधिक दारे तोच विषय उघडी ठेवतो. आवडीचा एक विषय मात्र मुलालाच निवडू द्यावा.

हे सारे जीसीएसईच्या वर्षाच्या हिवाळ्याआधी व्हावे, कारण त्यानंतर सिक्स्थ फॉर्मचे अर्ज सुरू होतात. निवड चुकल्याचे लक्षात आलेच, तर अनेक शाळा सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलू देतात. त्या दिवसांत मुलाला फक्त 'कसे चालले आहे' एवढे विचारून थांबू नये; कोणत्या तासाला बसणे नकोसे वाटते, तेही विचारावे.