काकूंची कचऱ्याची कंपनी

धायरीतल्या आमच्या सोसायटीत कचरा न्यायला ताई आल्या, की शेजारच्या काकू डबा पुढे करत म्हणतात, "न्या गं, माझा शेअर वाढवा!" आता काकूंचे शेअर्स आहेत 'अँटनी वेस्ट'चे, आणि तिचं काम कांजूरमार्गला नि पिंपरी-चिंचवडला, पण गंमत म्हणून चालतं.

मार्च 2020मध्ये पुरेशी मागणी न आल्यानं या कंपनीला आयपीओ मागे घ्यावा लागला होता. त्याच डिसेंबरात 315 रुपयांचा तोच शेअर कित्येक पटींनी मागितला गेला. काकूंनी एफडी मोडून अर्ज भरला आणि चक्क लागला!

1 ऑगस्ट 2023ला मोशीच्या 14 मेगावॅटच्या कचरा-वीज प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तेव्हा काकांनी पेढे आणले. काकू मात्र वार्षिक अहवाल उघडून बसल्या. "अहो, वीज होईल हो, पण महापालिका बिलं कधी देते ते बघा!"

अशा कंपन्यांची कमाई मुख्यतः महापालिकांकडून, टनाच्या हिशेबानं. कचरा रोज उचलायचा, डिझेल-पगार वेळच्या वेळी द्यायचे, बिल मात्र महिनोन्‌महिने अडकू शकतं. कागदावर नफा, हातात उधारी. भिशी चालवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही म्हणा!

परवा नणंदेनं विचारलं, "वहिनी, मीही घेऊ का?" काकूंनी भाव सांगितलाच नाही. अहवालातलं येणे बाकीचं पान काढून दिलं, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं.