तळ्यांच्या मुलखात

विदर्भ म्हटला की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काळी जमीन, कापूस आणि रणरणते ऊन उभे राहते. वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे गेले की मात्र हे चित्र साफ पालटते. दुतर्फा धानाच्या बांध्या, त्यापलीकडे झाडी, आणि झाडीआडून मधूनच लखकन चमकणारे पाणी! हीच झाडीपट्टी. १ मे १९९९ रोजी ज्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला, त्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची चाल फार जुनी आहे. मागल्या हिवाळ्यात मी चार दिवस अर्जुनी-मोरगाव तालुक्यात हिंडलो. तळी पाहायची होतीच. पण मेलेले तळे पुन्हा जिवंत कसे करतात, ते अधिक पाहायचे होते.

पहिला मुक्काम अर्थातच नवेगाव बांध. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी नावाच्या गृहस्थाने बांधला. ना दुर्बीण, ना नकाशा. सभोवारच्या टेकड्यांमधल्या खिंडी हेरून त्याने तिथे मातीची पाळ घातली आणि पाणी अडवले. त्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाळ एका ठिकाणी पुनःपुन्हा फुटू लागली तेव्हा या बहिणी कोलूच्या मदतीला धावल्या, अशी कथा आहे. खुद्द कोलू पाटलाचा लोकांनी कोलासूर देव करून टाकला. आपल्याकडे इंजिनिअराचा देव झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही!

कोहळी ही तळी बांधणाऱ्यांची जात. जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळेल, असा चांद्याच्या गोंडराजांचा शिरस्ता होता, असे सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अशी हजारो तळी उभी राहिली. गंमत अशी, की ती एकेकटी नाहीत. वरचे तळे भरले की त्याच्या सांडव्यावरून — इथे त्याला सलंग म्हणतात — पाणी खालच्या तळ्यात उतरते, तिथून त्याच्याही खालच्या. पाणी सोडण्याची दगडी मोरी म्हणजे तुडूम. भाद्रपदात पाऊस दडी मारतो आणि धान पोटऱ्यात येऊन सुकू लागते, तेव्हा तुडूम उघडायचे. त्या एका पाण्यावर वर्षाची भाकर, नव्हे, वर्षाचा भात ठरतो. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ शेतात, कोरड्या काठावर गुरे, उरल्या पाण्यात ढिवरांची जाळी. ज्याचा त्याचा वाटा ठरलेला. शेतकऱ्याचे पाणी आणि ढिवराचा मासा यांत भांडणे होत नसत असे नाही. पण ती मिटवायला गाव बसे.

मालगुजार सारेच साधू नव्हते. वेठ होती, जुलूमही होता, आणि मालगुजारी गेली याचे दुःख करण्याचे मला कारण दिसत नाही. ३१ मार्च १९५१ रोजी ती संपली आणि तळी सरकारकडे गेली. त्यांतली बहुतेक लहान तळी पुढे जिल्हा परिषदांच्या वाट्याला आली. त्यांचे नावदेखील सरकारी झाले : माजी मालगुजारी तलाव! परंतु पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी काढायचा, याचा शिरस्ता मालगुजाराबरोबरच गेला. गाळ साचला, कडेला बेशरम माजली. ढिवरांच्या सोसायट्यांनी वजनदार पीक म्हणून रोहू-कटला सोडले, कुठे गवत्या मासाही सोडला. गवत्याने नावाप्रमाणे काम केले. पाण्यातले गवत फस्त झाले. मग गावठी मासा अंडी घालणार कुठे, आणि लपणार कशात?

ही गोष्ट ढिवरांना ठाऊक होती. विचारले मात्र कोणी नव्हते. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ते विचारले. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अर्जुनीच्या नवतलावापासून काम सुरू झाले. आधी बेशरम उपटायची. उन्हाळ्यात तळ नांगरायचा. मग पावसाळ्यात, ज्या तळ्यांत जुनी वनस्पती अजून तगून आहे तिथून गाद, चिऊल, देवधान यांची रोपे आणायची आणि गुडघाभर चिखलात उभे राहून लावायची, अगदी धानाच्या रोवणीसारखी. ढिवर बाया यात पुढे होत्या. काठावर देवधान, खोलात चिऊल. कुठली वनस्पती किती पाण्यात जगते याचे शास्त्र त्यांच्या तोंडपाठ.

"गवत लावायला पैसे कशाला, असं लोक हसत होते," एक बाई म्हणाल्या. "आता मरळ दिसते, तर तेच विचारतात, आमच्या तलावात कधी लावता बाई?"

नवतलावाच्या काठी मी सकाळभर बसलो. कमळांच्या पानांवरून एक पक्षी खुशाल चालत गेला. पलीकडे बदकांची गर्दी. हिवाळी पाहुण्यांना उघड्या पाण्यापेक्षा हा दाटवा आवडतो, त्यात त्यांचे अन्न असते. सारसाचेही तसेच. महाराष्ट्रात हा माणसाएवढा उंच पक्षी आता जवळजवळ गोंदियातच उरला आहे, तोही पन्नासाच्या आत. घरटे बांधतो तळ्याच्या दाटव्यात, नाही तर भर धानाच्या बांधीत.

अलीकडे गाळ काढण्याच्या योजनांना जोर आला आहे. गाळ काढलाच पाहिजे. पण यंत्र तळ सरसकट खरवडते, तेव्हा गादीचे कंद आणि देवधानाचे बी गाळाबरोबरच ट्रॅक्टरमध्ये जाते. कडा ताठ होतात. उथळ पाणीच उरत नाही, मग रोवायचे कुठे? अर्जुनीच्या ढिवरांचे मागणे साधे आहे : उतार राखा, एक कोपरा न खणता सोडा, आणि खणण्याआधी आम्हाला बोलवा. मी होतो त्या दिवसांत शेजारच्या एका गावी असेच यंत्र येणार होते. चार बाया टोपल्या घेऊन त्याच्याआधी तिथे निघाल्या होत्या, रोपे काढून आणायला.