उजवा हात जायबंदी झाला तर?

गणवेशातल्या पोलिसाचं पिस्तूल सरावाच्या हाताकडे, म्हणजे बहुतेकांच्या उजव्या कमरेला असतं. झटापटीत कुणी ते हिसकावू नये म्हणून होल्स्टरला खटका असतो. अनेक होल्स्टरमध्ये तो पिस्तूल आणि अंग यांच्यामध्ये येतो. मूठ धरली की उजवा अंगठा आपसूक त्यावर पडतो. डाव्या हाताला मात्र तो चाचपून शोधावा लागतो.

ही वेळ येते ती जखमेमुळे. मायामीत ११ एप्रिल १९८६ रोजी एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले. एजंट गॉर्डन मॅकनील यांच्या हाताला गोळी लागली आणि त्यांना रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. एजंट एडमंडो मिरेलेस यांचा डावा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी एकट्या उजव्या हाताने शॉटगन चालवली.

डाव्या हाताने पिस्तूल काढायचे मुख्य मार्ग दोन: पोटापुढून किंवा पाठीमागून. पुढून मनगट पिळावं लागतं आणि मूठ उलटी हाती येते. मग पिस्तूल गुडघ्यांत धरून पकड बदलायची. पाठीमागून जायला खांदा लवचीक हवा, शिवाय पट्ट्यावरच्या बेड्या आणि वायरलेस आडवे येतात.

दोन्हींत धोका एकच. नळी स्वतःच्याच मांडीवरून किंवा पोटावरून फिरू शकते. म्हणून बोट ट्रिगरबाहेर ठेवायचं, आणि सुरुवातीचा सराव प्रशिक्षकासमोर, प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलावरच करायचा.